वरून काहीतरी टाका, ताई

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याच्या दोन पँटी, एक सफारी आणि स्वतःची जरीची साडी पुढे टाकली, तरी पातेलं काही सोजरबाईच्या मांडीवरून हलेना.

"सफारीचं बूड गेलंय, ताई. वरून कायतरी टाका."

"अगं, साडीची जर तरी बघ. खरी आहे."

"जर खरी हाय हो. खाली साडी कुठाय?"

सोजरबाई बोहारीण. जुन्या कपड्यांवर नवी भांडी द्यायची. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत तिच्याशी घासाघीस करून जिंकलेली बाई अजून कुणी पाहिली नव्हती. पण पातेलं जाड बुडाचं होतं, आणि मंदाकिनीबाईंच्या जुन्या पातेल्यात दूध रोज लागायचं. त्यांनी घरभर नजर फिरवली. बाल्कनीतल्या दोरीवर मुलाचे ग्लोव्हज वाळत होते. फाटलेले, मोच्याने तीनदा शिवलेले, आणि वास असा की शेजारच्या दाते वहिनींनी मेलेल्या उंदराचा संशय घेऊन सेक्रेटरीकडे तक्रार केली होती.

"हे घे," मंदाकिनीबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या.

सोजरबाईने ग्लोव्हज हुंगले, तोंड फिरवलं आणि पातेलं दिलं.

तासाभराने श्रीधर अंघोळ करून आला. वय बावीस, भारताचा यष्टिरक्षक आणि सहाव्या क्रमांकाचा फलंदाज. अर्थात, अजून तरी.

"आई, माझे ग्लोव्हज कुठेत?"

"बॅगेत चार जोड्या पाहिल्या मी. कोऱ्या."

"त्या कंपनीच्या गं! माझे, जुने!"

दूध वर येत होतं. मंदाकिनीबाईंनी गॅस बारीक केला आणि शक्य तेवढ्या साध्या आवाजात सांगितलं, "ह्यात आहेत." आणि पातेल्याकडे बोट दाखवलं.

श्रीधरने पातेल्यात डोकावून पाहिलं. शाळेपासून तो त्याच ग्लोव्हजनी खेळत होता. पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात त्यांच्यातच चार झेल बसले होते. मग कंपनीने करार केला, नवे ग्लोव्हज घालायला लावले, आणि मागच्या दौऱ्यात दोन झेल सुटले. त्यातला दुसरा तर कुणाच्याही आजीने पदरात धरला असता. तेव्हापासून कोपऱ्यावरचा वाणी सामान देताना म्हणायचा, "पिशवी दोन्ही हातांनी धरा हं, श्रीधरराव." निवड समितीने हा दौरा शेवटची संधी म्हणून दिला होता. कंपनीची मनधरणी करून त्याने जुन्यांची परवानगी मिळवली होती. दुपारी मुंबई विमानतळाची गाडी यायची होती.

"वा!" दीनानाथराव पेपरमागून म्हणाले. "चिरंजीव देशासाठी खेळणार आणि देशाची अब्रू बोहारणीच्या गाठोड्यात." मग पेपर खाली आला. "आणि माझी सफारी कुठाय?"

"तिचं बूड गेलं होतं."

"ठाऊक आहे. एकतीस वर्षं ऑफिसात बसून मीच घालवलंय."

दूध जुन्या पातेल्यात ओतलं गेलं, नवं घाईघाईने विसळलं गेलं, आणि ते घेऊन मायलेक रिक्षात बसले. सोजरबाईचं घर आळंदी रस्त्यालाच होतं. रिक्षावाल्याने आरशातून बराच वेळ पाहिलं.

"तुम्हीच ना ते? सोडला होता ते?"

"समोर बघून चालवा," मंदाकिनीबाई कडाडल्या. मुलाला बोलायचा हक्क फक्त त्यांचा होता.

सोजरबाईच्या घराबाहेर तिच्या नवऱ्याची, मच्छिंद्रची, भजीची गाडी होती. मच्छिंद्र उकळत्या तेलाची कढई उचलून बाजूला ठेवत होता. दोन्ही हातांत भारतीय संघाच्या यष्टिरक्षकाचे ग्लोव्हज होते.

"या, या! झ्याक माल दिला, ताई," तो खुशीत म्हणाला. "चटका म्हणून बसत न्हाय."

श्रीधरने ग्लोव्हज हातात घेतले. तळव्यावरचं खरखरीत रबर वितळून ताटासारखं गुळगुळीत झालं होतं, आणि चामडं तेल पिऊन तृप्त होतं. वास मात्र सुधारला होता. मंदाकिनीबाईंनीही चाचपून पाहिले आणि तेलकट बोटं पदराला पुसली.

"यात चेंडू साबणासारखा पळेल," श्रीधर म्हणाला. "संपलं, आई. मी आता क्लासेस काढतो."

मंदाकिनीबाईंनी पातेलं पुढे केलं. पहाटे पाचला उठून दहा वर्षं याला मैदानावर सोडलं, ते एका पातेल्यापायी मातीत? "सोजर, हे तुझं पातेलं घे परत आणि..."

"दूध तापवलं न्हवं? वापरलेलं भांडं मी घेत न्हाय." सोजरबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आन् रडताय कशापायी? मोजं गेलं, पर त्येचं नशीब कुठं जातंय? बदल्यात जे आलं त्यात उतरतंय. आमच्या धंद्याचा नेमच हाय. नशीब तुमच्या पातेल्यात हाय, ताई."

"काहीतरीच बोलू नकोस!" म्हणत मंदाकिनीबाईंनी पातेलं तिच्यापुढे नाचवलं. पुसूनही तेलकट राहिलेल्या बोटांतून ते निसटलं, गाडीच्या कडेवर आपटून तिरकं उडालं, आणि श्रीधर आडवा झाला. डावीकडे, पूर्ण लांब, बेसनाच्या पिंपाला वळसा घालून. जमिनीच्या वीतभर वर त्याने पातेलं एका हाताने धरलं.

मच्छिंद्रने झारा कढईवर वाजवला. रिक्षावाला म्हणाला, "आता कसं!"

श्रीधर उठला. पातेल्याकडे बघत राहिला. मंदाकिनीबाईंनी ती नजर ओळखली. लहानपणी घरी आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाकडे तो असाच बघायचा.

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "श्री, ते दुधाचं आहे."

दुपारी पातेलं दोन पॅडांच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळून मुंबईला गेलं. मंदाकिनीबाई गाडी वळेपर्यंत दारात उभ्या होत्या. आत दूध लागलं.

पहिल्या सामन्यात श्रीधरने पाच झेल घेतले, एकही सुटला नाही, वर सत्तर धावा. कोपऱ्यावरच्या वाण्याने पिशवी निमूट दिली. दाते वहिनी पेढे मागायला आल्या, बाल्कनीत सहज डोकावून गेल्या. दीनानाथराव टीव्हीसमोर डोळे पुसत होते आणि चष्म्याची काच पुसतोय असं दाखवत होते.

इतक्यात पडद्यावर खेळाडूंची खोली दिसली. मागच्या फळीवर, पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत, पातेलं.

"बघितलंस?" दीनानाथराव म्हणाले. "पाच झेल! पोराने जिंकलं."

मंदाकिनीबाई पार टीव्हीपाशी जाऊन, डोळे बारीक करून बघत होत्या.

"पोचा आणलाय मेल्याने," त्या म्हणाल्या.