वानखेडेकाकांचे कुत्रे

वानखेडेकाकांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला बसतानाच अडवलं. "त्या खुर्चीवर नको रे, तिथे कोंबडी बसलीय."

खरंच होती. चिनी मातीची, टोपलीवर ऐसपैस. "इंग्लंडची आहे," काका म्हणाले. "राणीच्या काळापासून उबवतेय. अजून काही निघालं नाही."

काका नागपूरचे, रिटायर्ड इंजिनिअर. इकडे परदेशात, क्रेगीबर्नमध्ये आमच्या शेजारी एकटेच राहतात. काकू गेल्या, मुलगी पर्थला. आमच्या हॉलमध्ये टीव्ही आहे. त्यांच्या हॉलमध्ये गाई, मेंढ्या आणि मुख्य म्हणजे कुत्रे. पूर्वी इंग्रजांच्या घरी शेकोटीवरच्या फळीवर दोन टोकांना जोडीने ठेवायचे, तसले. पांढरे, लांब कानांचे, आणि चेहरा असा, की जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी फाईल पुढे केलीय.

शनिवारी ते मला गाडी काढायला लावतात आणि आम्ही जुन्या सामानाची दुकानं पालथी घालतो. काका कुत्रा उलटा करतात, टिचकी मारतात, तोंड न्याहाळतात. "खोटा आहे मेट. हसतोय बघ. जुना कुत्रा हसत नाही."

मागच्या हिवाळ्यात मार्गरेट नावाच्या एका आजींनी घरातलं सामान विकायला काढलं होतं. त्या वृद्धाश्रमात राहायला निघाल्या होत्या. टेबलावर एकच कुत्रा होता. काकांनी टिचकी मारली आणि तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. अस्सल!

"याचा जोडीदार?" त्यांनी विचारलं.

"तो माझ्याबरोबर येतोय. तिथल्या शेल्फवर एकच मावतो, लव्ह. लग्नात मिळालेले दोघं."

काकांनी कुत्रा घेतला आणि घरी येईपर्यंत मांडीवरच धरून बसले. पुढच्या रविवारी तो टॉवेलात गुंडाळून काका माझ्या दारात हजर. "चल, दोघांची भेट घालून आणू."

तेव्हापासून दर रविवारी हेच. आजी दोन्ही कुत्रे खिडकीत शेजारी ठेवतात आणि काकांशी बोलत बसतात. बोलतात कसल्या, भांडतातच. क्रिकेटवरून, चहात दूध आधी की नंतर यावरून. माझी बायको हसते. "कुत्र्यांची भेट घालायला कोणी जातं का?"

परवा अर्ध्या रस्त्यात माझं लक्ष गेलं. काकांच्या मांडीवर नुसता नारळाच्या वड्यांचा डबा.

"काका, कुत्रा घरीच राहिला! गाडी वळवू?"

काकांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"नको रे. उशीर होईल. त्या माझ्यासाठी चहाला थांबतात."