चार लिंबांवरून गेलेली गाडी

१९८३ सालच्या ऑगस्ट महिन्यात धारवाडच्या पूल व मोरी तपासणी उपविभागाच्या काळ्या मोटारीच्या इंजिनातून खडखड असा आवाज येऊ लागला. तो पुढच्या बाजूने येत होता आणि गाडी थंड असताना जास्त येत होता. मात्र त्याची लेखी नोंद कुठेही नसल्यामुळे अधिकृतरीत्या तो येत नव्हता. ऐकला फक्त ड्रायव्हर पुंडलिकने. हा माणूस बावीस वर्षं तीच गाडी चालवत होता आणि ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला निवृत्त होऊन अळणावरजवळच्या आपल्या गावी जाणार होता.

निवृत्तीला अट एकच होती. ताब्यातली गाडी चालू स्थितीत परत केल्याचा दाखला साहेबांनी दिल्याशिवाय पेन्शनचा कागद हलत नसे. पुंडलिकला वाटलं, गाडी दुरुस्त झाली की दाखला मिळेल. बावीस वर्षं सरकारात काढूनही माणूस इतका भाबडा राहतो, याचं खरोखर नवल वाटतं.

त्याने गाडी हुबळीला कमरीपेठेत नागोजी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडून कान लावला.

"टायमिंग चेन सैल पडलीया, अण्णा. तुटली की गाडी जिथं असंल तिथं उभी."

"बदल की मग."

"नुसती चेन बदलून भागत न्हाई. तिची दोन दातेरी चक्रं, तिला ताणून धरणारा टेन्शनर, पुढचं ऑइल सील, समदं एकदमच बदलायचं. झिजल्या दातांवर नवी चेन चढवली तर तीबी वरसात सैल."

पुंडलिकने तसा अर्ज केला. स्टोअरकीपर रामचंद्रराव नियमाचा पक्का माणूस. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"चेन ही झिजणारी वस्तू. ती इथंच मंजूर होते. चक्रं या फिरणाऱ्या वस्तू, त्यांची फाईल बेंगलोरला जाईल. सील द्रवपदार्थ विभागाकडे. टेन्शनर मात्र कुठल्याच यादीत नाही, म्हणजे तो गाडीत नाही."

"गाडीत हाय की हो! आवाज यायलाय त्याचा."

"असेल तर विनापरवाना बसवलेला आहे. त्याचा खुलासा तुम्हीच करायचा." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तूर्त चेन घ्या. पण जुनी जमा केल्याशिवाय नवी देता येत नाही. आगंगिल्ल, जमायचं नाही."

नागोजी कचेरीच्या आवारात आला, इंजिन उघडून चेन काढली. रामचंद्ररावांनी ती रॉकेलमध्ये धुतली, वजन करून पावती दिली आणि म्हणाले, "आता गाडी चालवून दाखवा."

पुंडलिकने टेबलाकडे बोट दाखवलं. "चेन तर तुमच्या टेबलावर हाय, साहेब."

"आवाज येतो असं तुम्ही लिहिलंय. समक्ष पडताळणी केल्याशिवाय नवी चेन कशी देऊ?"

"मग ही घटकाभर परत द्या. बसवतो, आवाज ऐकवतो, परत काढून देतो."

"ती मोडीत जमा झाली. आता ती चेन नाही, लोखंड आहे. लोखंड गाडीत बसवायला परवानगी लागते."

सप्टेंबर असाच गेला. बेंगलोरहून चक्रांबाबत उत्तर आलं: 'सदर वाहन उभे असल्याचे दिसते. उभ्या वाहनाची चक्रे फिरत नाहीत, सबब न फिरणारी चक्रे झिजण्याचे प्रयोजन काय, याचा खुलासा व्हावा.' पुंडलिक खुलासा लिहायला बसला. कचेरीच्या बाकावर रोज महादेव शिपाई येऊन बसायचा. तो सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. त्याच्या ताब्यातल्या कंदिलाची काच सापडत नव्हती म्हणून त्याचा कागद अडला होता, आणि रोज येतच असल्यामुळे नवे कारकून त्याच्याकडूनच चहा मागवत. पुंडलिकला रोज तो बाक दिसे आणि त्यावर महादेवशेजारची रिकामी जागा दिसे. त्याला फार भीती वाटत होती.

खंडेनवमी आली. टाइपराइटरांना, कपाटांना हळदकुंकू लागलं. गाडीला झेंडूच्या माळा आल्या, चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली गेली. ती फुटली नाहीत तर वर्षभर कचेरीला साडेसाती, यावर तपासणी न करताही सर्वांचं एकमत होतं. उपविभागाचे प्रमुख हिरेमठसाहेबांनी नारळ वाढवला आणि हात हलवला. पुंडलिक स्टिअरिंगवर बसला. आठ कारकुनांनी धोतरं-पँटी सावरून मागून जोर लावला. चारही लिंबं फुटली.

"बंतु, बंतु! आली, आली!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

पुंडलिक उतरून साहेबांच्या पायाशी वाकला. "साहेब, बावीस वर्षं झाली. माझ्या दाखल्याचं बघा की हो."

साहेबांचं तोंड पेढ्याने भरलेलं होतं. त्यांनी रामचंद्ररावांकडे पाहिलं. रामचंद्ररावांनी दाखल्याचा छापील नमुना काढला, वरून खाली वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, यात 'वाहन जागचे हलते काय' एवढंच विचारलंय. इंजिनाचा उल्लेख नाही. वाहन आत्ता चार लिंबं ओलांडून गेलं, कचेरी साक्षीला आहे."

साहेबांनी सही केली. पुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता लॉगबुक," रामचंद्रराव म्हणाले. "चालू गाडी दोन महिने उभी का होती, असं ऑडिट विचारेल. या दोन महिन्यांत साहेबांच्या एकेचाळीस पुलांच्या तपासण्या व्हायच्या होत्या. त्या झाल्या असं लिहू. तुम्ही ड्रायव्हर म्हणून सह्या करा."

"पण आम्ही गेलोच न्हाई की."

"गाडी चालू होती ना? मग गेली नाही कशावरून?"

पुंडलिकने बाकाकडे पाहिलं. महादेव चहाचे पेले गोळा करत होता. पुंडलिकने एकेचाळीस सह्या केल्या. एकेचाळीसही पूल उत्तम स्थितीत निघाले. चेन, चक्रं आणि सीलचे अर्ज त्याच संध्याकाळी निकाली निघाले, कारण चालू गाडीला सुटे भाग लागत नाहीत.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला पुंडलिक बायको शेवंता आणि दोन ट्रंका घेऊन अळणावरच्या बसमध्ये चढला. केलगेरी मागे पडल्यावर काही मैलांनी ओढ्यावरचा पूल दिसला तशी त्याने घंटीची दोरी ओढली.

"काय झालं, अण्णा?" कंडक्टरने विचारलं.

"पाय अवघडलेत. पुलापलीकडं परत चढतो."

"चालत कशाला?" खिडकीतल्या एका शहाण्याने कठड्याकडे बोट दाखवलं. तिथे ताज्या पांढऱ्या रंगात 'तपासणी: सप्टेंबर ८३, स्थिती उत्तम' असं लिहिलेलं होतं. "सरकारनं बघितलाय की पूल."

सांगावं असं पुंडलिकच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दाखला खिशात होता. त्याने शेवंताचा हात धरला आणि दोघं कडेकडेने पलीकडे गेले. मग बस हळूहळू पुलावर आली. आत आपण सगळे बसलो होतो, आणि दोन जागा रिकाम्या झाल्या म्हणून ऐसपैस सरकून घेत होतो.