चुन्याच्या रेघा

बस्वणप्पा रिकाम्या माळावरूनसुद्धा कोपऱ्याला वळून जायचे.

माळ म्हणजे आमची कॉलनी. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, आणि गावाबाहेरच्या या माळावर चुन्याच्या रेघा मारून रस्ते आखले, प्लॉट पाडले. घरं उठली दोनच. एक माझं, एक बस्वणप्पांचं. मध्ये नुसतं कुसळी गवत. मी मास्तर माणूस, सरळ त्यांच्या दाराकडं निघालो की ते तिथूनच हटकायचे, "गुरुजी, कुठं शिरायलाव? ते कुलकर्ण्यांचं सैपाकघर हाय. चपला तरी काढा."

त्या प्लॉटचे मालक कुलकर्णी तेव्हा नांदेडात. त्यांनी हा माळ नीट पाहिलाही नव्हता.

बस्वणप्पा उदगीरचं किराणा दुकान भावावर सोपवून आलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी मला फिरायला न्यायचे. "हितं बाग. हितं महादेवाचं देऊळ. ह्या खोलीत पोरगी अभ्यास करायली, हळू बोला." आणि मी खरंच हळू बोलायचो. दोन शहाणी माणसं धोंड्यांची झोपमोड नको म्हणून कुजबुजत चाललेली. बघणाऱ्यानं काय समजावं? पण खोटं कशाला सांगू, उन्हं कलली की मलाही अंगणं दिसायची, कुणाच्या तरी फोडणीचा वास यायचा.

मग दुष्काळ पडला. बोअर आटली. टँकर गावालाच पुरेना, माळावर कोण पाठवतो? प्लॉटवाल्यांचे निरोप आले, आम्ही काही येत नाही. चुना वाऱ्यानं उडाला. बस्वणप्पा मात्र त्याच कोपऱ्यांवर वळत राहिले.

शेवटी आमची मंडळी म्हणाली, "गावात भाड्यानं राहू, पण इथं नको." बस्वणप्पांना सांगितलं, तर नुसतं "बरं" म्हणाले.

सकाळी टेम्पोत सामान चढवलं आणि ते येताना दिसले. खांद्यावर कळशी. आणि हा माणूस चक्क सरळ येत होता. पोरीच्या खोलीतून, देवळातून, कुलकर्ण्यांच्या सैपाकघरातून, पायात चपलांसकट.

कळशी त्यांनी आमच्या उंबऱ्यावर ठेवली. त्यांच्या घरात तेवढंच पाणी होतं, त्यातलंही निम्मं वाटेत सांडलेलं.

"रोज अर्धं घ्या गुरुजी, पण जाऊ नका. तुमी गेल्यावर मी वळून वळून जाऊ कुणाकडं?"

हिनं कळशी उचलली आणि आत नेली. मी टेम्पोवाल्याला दोर सोडून सामान उतरवायला सांगितलं.

परत जाताना बस्वणप्पा पुन्हा कोपऱ्याकोपऱ्याला वळत, रस्त्यानं गेले. देवळापाशी थांबले, चपला काढल्या आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले.