पावती नाही, जबाबदार हुसेन

ओमानमधल्या बरक्याच्या मासळी बाजारामागे हुसेनभाई होडेकरांचं दोरखंडांचं आणि जाळ्यांचं दुकान आहे. बाकीचे दुकानदार भिंतीवर मालाचे दर लावतात. हुसेनभाईंनी काळा फळा लावलाय आणि त्यावर खडूने मराठीत लिहिलेलं असतं : 'चौकीदार बाळू यास छत्री, एक. नोटरीकडे चहा, तीन. चौथा मी प्यालो नाही.'

गिऱ्हाईक सगळं ओमानी कोळी. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही. पण कुणी फळ्याकडे नुसतं पाहिलं, तरी हुसेनभाई दोर मोजायचं थांबवून मोडक्या अरबीत सगळा हिशेब समजावतात. एकदा छत्रीपुढे 'पैसे दिले, छत्री पोचली नाही' असं लिहिलं होतं. ते ऐकल्यापासून सालिम नावाचा एक कोळी रोज सकाळी दारातूनच ओरडायचा, "हुसेन, छतरी पहुँचा?" पोचली त्या दिवशी त्याने दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. रत्नागिरी कुठे आहे, हे त्याला आजही ठाऊक नाही.

हा हिशेब रत्नागिरीकडच्या आमच्या गावच्या सड्याचा. गावाच्या डोक्यावर जांभ्याचा उघडा कातळ आहे. पावसाळ्यात तो इवल्या फुलांनी भरतो, टिटव्या तिथे अंडी घालतात, आणि तिथे मुरलेलं पाणी मे महिन्यात आमच्या विहिरींना पुरतं. चिरेखाणवाल्यांनी तो तुकड्या-तुकड्याने विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मस्कत, बरका, निझव्याला नोकरी करणारे आम्ही गावचे बावीसजण एकत्र आलो. हिंदूही होते, मुसलमानही होते. आपापसात वर्गणी काढून जमीन घ्यायची आणि तिचं काहीही करायचं नाही, एवढंच आमचं काम. मी अध्यक्ष झालो, कारण मला भाषण येत होतं. हुसेनभाई खजिनदार झाले, कारण त्यांना हिशेबापलीकडे दुसरं काही सुचतच नव्हतं.

"वसंता," ते मला म्हणायचे, "झाकलेली मासळी आधी नासते, मग वास येतो. पैशाचं तसंच."

दर तीन महिन्यांनी जुम्म्याची नमाज झाली की दुकानात बैठक. बिर्याणी ज्याची त्याने आणायची. मग हुसेनभाई उभे राहून फळा वाचणार. कुणी डुलकी काढली, तर पुन्हा पहिल्यापासून. निझव्याचा परशुराम वैतागून म्हणाला, "अहो हुसेनभाई, चहा कशाला लिहिता?"

"प्यालो म्हणून."

"पण न प्यालेला?"

"तो नोटरीने देऊ केला होता. उद्या म्हणेल, चार पाजले."

एकदा मस्कतचा एक बडा व्यापारी गाडी घेऊन दुकानात आला. सड्यासाठी मोठी रक्कम द्यायची म्हणाला, फक्त नाव फळ्यावर नको. "मी प्रसिद्धीपासून लांब राहणारा माणूस आहे."

"राहा की. खडू मी हळू चालवतो."

"नाव नकोच."

"मग पैसापण नको. खलास."

आम्ही सगळे हुसेनभाईंवर तुटून पडलो. एवढ्या पैशात अर्धा सडा आला असता! पुढे कळलं की त्या नम्र माणसाच्या मेहुण्याच्याच दोन चिरेखाणी होत्या. त्याला आमच्या मंडळात पाय ठेवायचा होता. आम्ही माफी मागायला गेलो, तर हुसेनभाईंनी आम्हाला पुन्हा फळा वाचून दाखवला.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हुसेनभाई पुरे होत नाहीत, आणि ज्यांना ती आवडणार नाही त्यांनी खुशाल पुढचं वाचू नये.

आमची एक रीत होती. लहानसहान खर्चाचे पैसे जो सुट्टीवर गावी जाईल त्याच्या हाती द्यायचे, आणि येताना त्याने पावती आणायची. एका वर्षी सड्याभोवती दगडांचा गडगा घालणाऱ्या गड्यांच्या मजुरीचं पाकीट माझ्या हाती आलं. मी गावात पोचलो, तर देवळाच्या सभामंडपासाठी वर्गणी चालू होती. लाउडस्पीकर लावला होता. नाव आणि आकडा साऱ्या गावाला ऐकू जात होता. मी जाताच पुकारा झाला, "मस्कतचे वसंतराव आले! बोला, वसंतराव!" सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली. समोर आई बसली होती. माझा खिसा रिकामा होता. का, ते सांगणार नाही. कारणं सांगणं हा पैसे खाणाऱ्यांचा जुना धंदा आहे. मी गडग्याचं पाकीट काढून दिलं. माझ्या नावाने.

परत आल्यावर म्हणालो, "मजुरी दिली, हुसेनभाई. पावती तेवढी राहिली."

मग खडू घेऊन त्यांनी लिहिलं : 'गडग्याची मजुरी. पावती नाही. जबाबदार, हुसेन.'

बाकीचा फळा दर वर्षी पुसला जायचा. ती ओळ राहिली. लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. चहाचा हिशेब देणारा माणूस पाकीट गिळून बसला, असं परशुराम तोंडावर बोलला. मी अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून टेबलाकडे बघत राहिलो. हळूहळू जुम्म्याला यायचे लोक कमी झाले. चोर म्हणायला सगळे पुढे होते, खजिनदार व्हायला मात्र कुणी तयार नव्हता. म्हणून फळा चालू राहिला.

मी निवृत्त झालो, मस्कतजवळ अल हैलला मुलाकडे राहायला आलो. हुसेनभाई आता दुकान विकून कायमचे गावी निघालेत. गेल्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'जाण्याआधी त्या पाकिटाचं काय ते सांगून जावं.' खाली अकरा अंगठे होते.

जुम्म्याला मी टॅक्सी करून बरक्याला गेलो. दुकान अर्धं रिकामं झालेलं. हुसेनभाई फळ्यासमोर उभे राहून मोठ्याने हिशेब वाचत होते. समोर बावीस खुर्च्यांतल्या दोनच उरल्या होत्या, आणि त्याही मोकळ्या.

"बस," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाचतो."

"नको. पाकीट मी खाल्लं, हुसेनभाई."

"ठाऊक आहे. त्याच आठवड्यात सड्यावरच्या बाळूचा फोन आला होता, मजुरी आली नाही म्हणून. मी पाठवली."

"मग बोललात का नाही?"

"लाउडस्पीकरवर तुझं नाव ऐकून तुझी आई रडली म्हणे. बाळूनेच सांगितलं. म्हटलं, म्हातारी आहे तोवर राहू दे."

"आई जाऊन किती वर्षं झाली!"

"मग सवय झाली." ते खडू झटकू लागले. "आणि तू आता काही लिहू-बिहू नको. या वयात कशाला?"

म्हणजे आयुष्यभर पैसा उघडा ठेवणाऱ्या माणसाने एकच गोष्ट झाकली, ती माझी. मला त्यांचा राग आला. खरंच आला. मी तिथेच खिशातून फोन काढला आणि ग्रुपवर बोललो : "मी वसंत. गडग्याचे पैसे मी घेतले आणि देवळाला स्वतःच्या नावाने दिले. हुसेनभाईंनी पदरचे भरले. तुम्ही त्यांना चोर म्हणालात तेव्हा मी समोर बसलो होतो. आता मला काय म्हणायचं ते म्हणा."

हुसेनभाई फोन हिसकावायला धावले. त्यांचे गुडघे गेलेत, माझा एकच गेलाय, म्हणून मी जिंकलो.

उत्तरं यायला वेळ लागला नाही. परशुरामचं पहिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग दुसरा, तिसरा. मी सगळी मोठ्या आवाजात लावली. माझ्यासाठीच होती, मी ऐकायलाच हवी होती.

चौथ्याला हुसेनभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. बटण कुठलं दाबायचं ते मलाच विचारलं, आणि तोंडाजवळ धरून भांडल्यासारखे ओरडले :

"यल्ला, पुरे! त्याला शिव्या देऊ नका. गावी जायच्या आधी चार महिने कंपनीने पगार दिला नव्हता त्याचा. रोज संध्याकाळी दुकानात यायचा आणि नुसते दोर बघून जायचा. मी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं."

त्या चार महिन्यांबद्दल मी आजवर बायकोलासुद्धा बोललो नव्हतो.