उन्हाळी मात्रा

औषध कोणतं द्यायचं हे डॉक्टरने ठरवावं आणि किती घ्यायचं हे शेजाऱ्यांनी. कामाची अशी रास्त वाटणी असल्यामुळेच सोलापुरात दवाखाने आणि कट्टे दोन्ही भरलेले असतात.

आमच्या गल्लीतले श्रीमंत (हे नाव, परिस्थिती नव्हे) मेंढरांचे दलाल. मोहोळच्या बाजारात रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवायचे. तो उजवा हात म्हणजेच त्यांचं दुकान. फाल्गुनात त्यांच्या हृदयाचे ठोके बेताल निघाले. डॉक्टरांनी समजावलं की असं हृदय रक्त नीट ढकलत नाही, आत गाठ धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा होतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, सकाळी एक, संध्याकाळी एक. वय, वजन आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून मात्रा ठरवली होती. (आमचं मत विचारलं नव्हतं.)

वैशाखात श्रीमंतांचा घोळणा फुटला. थेंबच पडले, पण पांढऱ्या धोतरावर पडले, म्हणून कट्ट्याची तातडीची बैठक भरली. अध्यक्षस्थानी आबासाहेब होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे वाहत्या गोष्टींचा त्यांना अनुभव आहे.

"डॉक्टरास्नी फोन करून इचारू की," श्रीमंतांच्या पत्नी केराबाई म्हणाल्या.

"वैनी, डॉक्टर बसतंय एसीत. त्येला सोलापूरचं ऊन काय कळणार?" आबासाहेब म्हणाले. "उनानं तूप पातळ हुतंय, डांबर पातळ हुतंय, मग रगत न्हाय व्हय हुनार? आदीच पातळ झालंय, वर आनि गोळी!"

"पर एक बी चुकवायची न्हाय म्हनलेत."

"चुकवा कोन म्हनतंय? अर्दी घ्या. मिरगापातुर."

श्रीमंत हसले. "मेंढराचा भाव मी पाडतो, गोळीचा तुमी पाडा, आबा."

ठराव एकमताने मंजूर झाला. ऊन चढेल तशी गोळी उतरावी. ताक प्यायल्यास संध्याकाळची माफ. कलिंगड खाल्ल्यास सकाळचीही. या पद्धतीला गल्लीत शंभर टक्के यश आहे. (जे गेले त्यांना मोजणीत धरत नाहीत, कारण ते हजर नसतात.)

पुढे नाकातून थेंबही आला नाही, त्यावरून पद्धत सिद्ध झाली. गाठ आतल्या आत धरते, तिची वर्दी नाकातून येत नसते, ही हरकत कुणी घेतली नाही.

मिरगाच्या तोंडावरच्या बाजारात, सौदा ऐन रंगात असताना, रुमालाखाली श्रीमंतांची बोटं थांबली. गिऱ्हाइकाला वाटलं, भाव कबूल झाला. त्याने आनंदाने रुमाल काढला, तेव्हा समोरचं तोंड वाकडं झालं होतं.

आता श्रीमंत घरी आहेत. उजवा हात मांडीवर ठेवावा लागतो, ठेवला तिथेच राहतो. बोलायला जातात तेव्हा नुसता आवाज येतो. कट्टा समाचाराला गेला. आबासाहेबांनी चौकशीचा निष्कर्ष तिथेच जाहीर केला. "गोळी लई गरम पडली, वैनी. अर्दी बी सोसली न्हाय बगा."

केराबाई डॉक्टरांनी नव्याने ठरवून दिलेली गोळी श्रीमंतांच्या जिभेवर ठेवत होत्या. अख्खी. मागे न वळता म्हणाल्या, "च्या घ्या, आबा. आन् तोंड च्याला तेवडं उगडा."

तुम्ही आमच्या गल्लीला हसत असाल. जरूर हसा. मग आत जाऊन वडिलांना विचारा, गोळ्या कशा चालल्यात. "बरं वाटतंय, म्हणून जरा कमी केल्यात," असं ते म्हणाले, तर कुणी सांगितलं हे चारचौघांत विचारू नका. ते तुमचंच नाव घेतील.