तुफान प्लसचा वारसा

येत्या रविवारी तुफान प्लसचा निकाल कायमचा लावून टाकायचा, असं अमृतनं ठरवलं होतं. आणि अमृतनं एकदा ठरवलं की ते होतंच, असं निदान अमृतचं तरी मत होतं.

तुफान प्लस म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. सत्त्याण्णव साली टीव्हीला जोडायच्या, कॅसेट घालून खेळायच्या व्हिडिओ गेमची चलती होती. त्यातलाच एक तुफान. तो बऱ्यापैकी खपला, म्हणून कंपनीनं त्याच्या बुडाखाली बसवायचा आणखी एक डबा काढला आणि त्याला नाव दिलं तुफान प्लस. हा जोडला की रंग दुप्पट दिसतील आणि गेममधली माणसं बोलायला लागतील, असा कंपनीचा वायदा होता. माणसं बोलली, पण सर्दी झाल्यासारखी. डब्याला प्लग वेगळा, वायर वेगळी, आणि तासाभरात तो असा तापायचा की त्यावर पापड भाजून निघावा. त्याच्यासाठी कॅसेटी निघाल्या फक्त तीन. वर्षभरात कंपनीनं गाशा गुंडाळला.

अमृत सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला होता. त्याचं म्हणणं असं, की तुफान प्लस काळाच्या पुढे होता. पुढं जे जे आलं, त्याची मुळं या डब्यात होती. प्रशांत हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, सुपा स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. त्याचं म्हणणं असं, की या डब्यानं लोकांना असं फसवलं की त्यांनी साधा तुफानही घ्यायचा सोडला. चांगल्या चालत्या गाडीला मागून बांधलेला नांगर म्हणजे तुफान प्लस. हा वाद दर रविवारी चहावर वीस वर्षं चालला होता. दोघांनाही एकमेकांचे मुद्दे पाठ होते. एकदा प्रशांतला ताप होता, तर अमृतनं दोन्ही बाजू एकट्यानंच मांडल्या होत्या.

आता अमृतला वाटलं, चार लोकांसमोर होऊन जाऊ दे. घरच्या ओसरीत जाहीर चर्चा ठेवायची, लोक हात वर करून निकाल देतील. त्यानं मोबाईलवर झकास कार्ड बनवलं. वर मोठ्या अक्षरात 'वारसा कुणाचा?' खाली 'खुली चर्चा. रविवारी सकाळी दहा. स्थळ: राहते घर. सर्वांनी उपस्थित राहावे.' डब्याचा फोटो हवा होता, पण त्या काळातला एकच फोटो सापडला. अमृतचे वडील आप्पासाहेब सरपंच झाले तेव्हाचा. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गुलाल, आणि मागं शोकेसमध्ये तुफान प्लस. जुन्या रंगीत फोटोला डाग पडले होते, म्हणून अमृतनं तो काळापांढरा केला. मग 'तुफान प्लस' हे शब्द आप्पांच्या हारावर येत होते, म्हणून ते बारीक करून खाली कोपऱ्यात सरकवले.

शनिवारी दुपारी त्यानं ते कार्ड गावाच्या, कंपनीच्या आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलं. प्रशांत गोड बोलून नवे मुद्दे काढून घेईल या भीतीनं फोन बंद केला आणि तो माडीवर डबा पुसत बसला.

संध्याकाळी त्याच्या बायकोला, आरतीला, पाथर्डीहून फोन आला. आप्पांची थोरली बहीण बनुबाई, तिची सून बोलत होती. आवाज बसलेला. तिनं विचारलं, "वहिनी, कधी ठेवलंय?"

"उद्या दहाला," आरती म्हणाली.

"उद्या? इतका वेळ?"

"रेश्माताई राजूरहून यायच्यात ना, 'सकाळी पोचते' एवढाच मेसेज आलाय. आणि ह्यांची तयारी व्हायचीय."

पलीकडं सूनबाईंनी नाक ओढलं. मग अगदी हळू, "आणि आप्पा?"

"त्यांना ओसरीत मधोमध खुर्चीत बसवायचं, असं हे म्हणतात," आरतीनं पोळी उलटत सांगितलं. "हारबीर घालून."

सूनबाईंनी फोन ठेवून दिला. आरतीला वाटलं, रेंज गेली.

रविवारी सव्वानऊला प्रशांत आला. दारात थांबून त्यानं अमृतला मिठीच मारली. कार्ड बघितल्यावर अर्धं मिनिट त्यालाही धस्स झालं होतं, पण कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचून त्याचा जीव भांड्यात पडला, असं त्यानं सांगितलं. "बाकीचे कोपऱ्यापर्यंत वाचतील असं वाटत न्हाई मला," तो म्हणाला. "फोन चालू कर तुझा."

अमृतनं फोन चालू केला. तो दोन मिनिटं थरथरतच राहिला. एकशे चाळीस श्रद्धांजल्या आल्या होत्या. कंपनीतल्या साहेबांनी तीन दिवसांची रजा मंजूर करून टाकली होती. चुलतभावानं लिहिलं होतं, 'माती व्हायच्या आधीच वारशाचं काढलंस, शाब्बास.' अमृतनं तिथंच पायरीवर बसून खुलासा लिहायला घेतला. 'आप्पा ठणठणीत आहेत' एवढं कसंबसं लिहिलं, तोवर दारात जीप येऊन उभी राहिली.

जीपमधून अकरा माणसं उतरली. सगळ्यात पुढं बनुबाई, एकोणऐंशी वर्षांच्या. पदर डोळ्याला लावून त्या ओसरीपर्यंत गेल्या, आणि तिथं आप्पा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले.

"बनुबाई," आप्पा म्हणाले, "कुणाकडं चालली एवढी माणसं घेऊन? कोन गेलं?"

बनुबाईंनी पदर खाली केला. भावाकडं खालून वर बघितलं. मग त्याच्याजवळ बसल्या, त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. आप्पांनी दुसऱ्या हातानं त्यांच्यापुढं शेंगा सरकवल्या.

अमृत कोपऱ्यात उभा राहून हे बघत होता. एवढ्यावर निभावलं तर तुफान प्लसचं नाव काढणार नाही, असं त्यानं मनात कबूल केलं. पण तेवढ्यात रेश्मा आली. त्याची धाकटी बहीण, राजूरला शाळेत शिक्षिका. पहाटे निघून दोन गाड्या बदलून आलेली. स्टँडवरच कुणीतरी तिला खरं सांगितलं होतं, त्यामुळं ती रडत नव्हती, आणि अमृतला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"आईच्या वेळी मला उशिरा कळवलंस, दादा," ती म्हणाली. "आज वाटलं, आप्पांच्या वेळी नुसतं कार्ड टाकलंस. तीन तास गाडीत मी हाच विचार करत आले."

आईच्या वेळचं खरं होतं. त्या धावपळीत फोन करायचा राहिला होता आणि सहा वर्षांत त्यानं त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तवाही आणि आताही." आणि त्यानं तिची पिशवी हातातून घेतली.

जमलेली माणसं चाळीसच्या वर गेली होती. आरतीनं दुसऱ्यांदा चहा टाकला. बनुबाई म्हणाल्या, पाथर्डीहून आलोय ते चहा प्यायला नव्हे, काय वारशाचं आहे ते होऊन जाऊ दे. मग झाली चर्चा. अमृत बोलला, रंग आणि आवाज आणि काळाच्या पुढचं सगळं. प्रशांत बोलला, प्लग आणि वायर आणि तीन कॅसेटींचं सगळं. सुतकाच्या तयारीनं आलेली मंडळी टोप्या काढून गंभीरपणे ऐकत होती. शेवटी अमृतनं डबा सगळ्यांसमोर ठेवला आणि म्हणाला की आप्पांनी मला आणलेल्या या डब्याचा मान राहिला पाहिजे.

"तुला?" आप्पा म्हणाले. "तुला कशाला आणीन? तू त्या साली नववीत नापास झाला हुतास. रेश्मा सातवीत पयली आली म्हनून आणला तो, पुण्याहून."

रेश्मा पुढं आली आणि डब्यावरून हात फिरवायला लागली. "तुम्ही दोघं कुठल्या कॅसेटबद्दल भांडता?" तिनं विचारलं.

"पहिल्या," दोघं एकदम म्हणाले.

"दुसरी, तिसरी?"

प्रशांतनं अमृतकडं बघितलं. पहिलीतल्या पुलावरचा राक्षस काही केल्या मरत नव्हता, असं त्यानं कबूल केलं. अमृतनं मान खाली घातली.

"तुम्ही शाळेत असताना माझा वर्ग दुपारीच सुटायचा," रेश्मा सांगायला लागली, "म्हणजे तुमच्या आधी मी घरी यायचे. तिन्ही कॅसेटी संपवल्या मी. लई छान गोष्ट होती, दादा. शेवटी ती मुलगी समुद्राच्या काठावर येते, आणि पडद्यावर इंग्रजीत येतं, पुढचं चौथ्या कॅसेटमध्ये." ती थांबली. "चौथी आलीच नाही. दोन वर्षं वाट बघितली मी. नगरला गेले की दुकानात विचारायचे."

यावर कुणी हात वर केला नाही. निकाल लागला होता, पण कुणाच्या बाजूनं ते सांगणं अवघड होतं. बनुबाईंनी विचारलं, मग त्या पोरीचं पुढं काय झालं. रेश्मा म्हणाली, माहीत नाही. बनुबाई हळहळल्या. डबा रेश्माला द्यायचा हे आप्पांनी सांगितलं आणि अमृतनं तो स्वतःच्या हातानं जुन्या चादरीत बांधून तिच्या पिशवीत ठेवला. निघताना ती म्हणाली, दिवाळीला या राजूरला, राक्षस कसा मारायचा ते शिकवते. प्रशांतनं लगेच हो म्हटलं.

दुपारी जीप गेली, घर शांत झालं. आप्पांनी प्रशांतला जवळ बसवलं आणि आलेल्या सगळ्या श्रद्धांजल्या वाचून दाखवायला लावल्या. दिलदार, निर्भीड, गावाचा आधारवड, असं ऐकत ते डोळे मिटून मान डोलवत होते. एकशे चाळीस संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"सूर्यभानचं न्हाई आलं?"

सूर्यभान म्हणजे पलीकडच्या आळीतला त्यांचा पन्नास वर्षांचा दोस्त. प्रशांतनं पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. नव्हतं. आप्पा उठले, काठी घेतली आणि तसेच सूर्यभानच्या घरी गेले. अमृत काळजीनं मागोमाग निघाला. सूर्यभान बाजेवर पडले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, काल संध्याकाळी तू माझ्याच शेजारी बसून चहा पीत हुतास की. मी कसं लिहिनार?"

"ते सांगू नको," आप्पा म्हणाले. "बाकीच्यांनी लिवलंच ना?"