नवसाचा पाय

डिंपलने फ्रिज उघडला. बकऱ्याचा पाय जागेवर नव्हता. उद्या नर्सिंगच्या तोंडी परीक्षेला, शरीर जोडून धरणाऱ्या संयोजी ऊतींचे प्रकार दाखवायला, प्रत्येकीने नमुना न्यायचा होता. पोरगी आधीच एकदा नापास झालेली. आता हुकली की वर्ष गेलं. म्हणून तर तिने खाटीक जलालुद्दीनचाचाकडून अख्खा पाय आणून कंडरेला लाल दोरा बांधला होता, कूर्चेला हिरवा, अस्थिबंधाला पिवळा.

"माय, पाय कुठी गेला?"

"रांधला." कुंताबाई भांडी घासत होती. "मले वाटलं, मातामायच्या नवसाचा वाटा कोणी देऊन गेलं. रंगीत दोरे होते ना त्याले. परसाद शिळा ठेवत नाई बापा. चार घरी वाटलाबी."

"आन् नळी?"

ओसरीवर तिचा आजा दादाजी खाकरला. "नळी मी फोडली."

उद्या सोमवार. सोमवारी गोंडपिपरीत बकरा कोण कापणार? डिंपल रडायलाच बसली. म्हाताऱ्याचा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेलेला, पण नातीच्या डोळ्यातलं पाणी काही त्याला बघवेना.

"रडते काऊन? मी येतो ना संगं. बकऱ्याजवळ हाये ते माह्याजवळ नाई का?"

बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी दादाजी धोतर गुडघ्यावर घेऊन परीक्षा घेणाऱ्या नसीम मॅडमसमोर स्टुलावर बसला.

"हे काय?"

"नमुना, मॅडम."

मॅडमनी नियम चाळले. नमुना मेलेलाच असावा, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

डिंपलने आज्याचा कान वाकवला. "कूर्चा." टाचेवरची शीर धरली. "कंडरा. स्नायू हाडाला जोडते." गुडघा दाबला. "अस्थिबंध. हाडाला हाड जोडतो." नडगीवर टिचकी मारली. "अस्थी." मग पोटाला चिमटा घेतला, पण हाती काही लागेना. "मेद ऊती. याच्यात थोडी कमी हाये."

"एक राहिली," मॅडम म्हणाल्या.

मागच्या वेळी ती इथेच अडली होती. आता ती बोटांवर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. दादाजीला यातलं काही कळत नव्हतं. शिंगी माशाचा काटा टोचून अंगठ्यावर धरलेली खपली तो खुडत बसला होता. लाल थेंब वर आला.

"रक्त," डिंपल म्हणाली. "तेबी संयोजी ऊतीच."

मॅडमनी 'पास' लिहिलं. दादाजीने उठून धोतर खाली सोडलं, तोच शिपाई लहानू रजिस्टर घेऊन आला.

"नमुने इथीच जमा करा जी. वापस भेटत नाई."

दादाजी पुन्हा स्टुलावर टेकला.

"राह्यतो," तो म्हणाला. "पण आज सोमवार हाये, जेवाले साधंच द्या."